मुलांची पहिली जंगलवाट: शिलोंढा, तुंगारेश्वर की मेणवली?

सात वर्षांची मुलगी, चार वर्षांचा भाचा, गुडघे दुखणारी अडुसष्ट वर्षांची आई आणि हाताशी एकच रविवार. गड चढायचा नाही आणि मॉलमध्येही जायचं नाही. झाडं हवीत, पाणी हवं, आणि कुणी दमलं तर मागं फिरता यायला हवं. या हिशेबानं गेली दोन वर्षं आम्ही बऱ्याच जागा पालथ्या घातल्या. त्यातल्या तीन ठिकाणी पुन्हा पुन्हा गेलो: बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली शिलोंढ्याची वाट, वसईजवळचं तुंगारेश्वर आणि वाईहून मेणवलीकडे जाणारा कृष्णाकाठ. नदी-ओढा तिन्हीकडे आहे आणि लहान मुलं तिन्हीकडे चालू शकतात. तरी कुणी विचारलं की मी प्रत्येकाला वेगळं नाव सांगते.

लोक पहिल्यांदा विचारतात, "किती किलोमीटर?" माझा प्रश्न दुसराच असतो: वाटेत ओढा किती वेळा ओलांडावा लागतो? जाताना जितक्यांदा ओलांडाल तितक्यांदाच येताना ओलांडायचा असतो, आणि मधल्या तासा-दोन तासांत वर डोंगरात पाऊस पडून गेलेला असू शकतो.

हे मी अनुभवानं शिकले. रायगड जिल्ह्यातल्या एका ओढ्यावर आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. सकाळी अकराला पाणी घोट्याइतकं, तळाचे दगड दिसत होते. एक वाजता परत आलो तर तोच ओढा गुडघ्याच्या वर आणि चहाच्या रंगाचा झालेला. आमच्या अंगावर तोवर थेंबही पडला नव्हता. काठावर गुरं घेऊन बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला हातानंच थांबवलं. म्हणाले, "पाला-काटक्या व्हावत यायला लागल्या ना, मग पाय घालायचा नाय." अडीच तास आम्ही अलीकडेच बसून राहिलो. मुलीचा खाऊ संपला, भाचा मांडीवर झोपला, आणि मग पाणी जसं चढलं होतं तसंच उतरलं. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे. खाली काळा कातळ, त्यात पाणी फारसं मुरत नाही. वर सर कोसळली की थोड्याच वेळात ते सगळं खाली येतं. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती याच प्रकारच्या लोंढ्यात. म्हणून जून ते सप्टेंबर लहान मुलांना घेऊन ओढ्याच्या वाटेला जायचं नाही, हे आमच्या घरात ठरून गेलंय. खाली जे लिहिलंय ते ऑक्टोबर ते फेब्रुवारीसाठी.

या कसोटीवर मेणवलीच्या वाटेत नदी एकदाही ओलांडावी लागत नाही. शिलोंढ्याची वाट ओढ्याला धरून जाते, कधी काठानं तर कधी दगडांवरून, पण सोबत वाटाड्या असतो. तुंगारेश्वरची वाट रुंद आणि सोपी आहे, मात्र ती पाण्यातून पुन्हा पुन्हा जाते. माझा निम्मा निर्णय इथेच होतो.

आता शिलोंढा. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून उद्यानाच्या दारापर्यंत चालत जाता येतं. इतक्या जवळ इतकं दाट जंगल असलेलं शहर मला दुसरं माहीत नाही. उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं आहे. तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव त्याच्या हद्दीत येतात आणि दहिसर नदी तुळशीच्याच बाजूनं निघून शहराकडे वाहते. शिलोंढ्याच्या वाटेवर मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही. वनखात्याच्या निसर्ग माहिती केंद्राकडून आधी परवानगी काढावी लागते आणि वाटाड्याबरोबरच जावं लागतं. पहिल्यांदा मला याची कटकट वाटली होती. आता वाटतं, मुलांसोबत जाताना हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

कारण मुलं चालायला आलेलीच नसतात, ती बघायला आलेली असतात. आमच्या पहिल्या फेरीत शंभर पावलांवरच मुक्काम पडला. पानं एकमेकांना शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं डोक्याच्या उंचीवर लोंबत होतं. वाटाड्यानं सांगितलं की पानं शिवायचा रेशमी धागा त्यांच्या अळ्यांचा असतो; मोठ्या मुंग्या अळी तोंडात धरून पानांच्या कडांवरून फिरवतात. मुलगी वीस मिनिटं तिथून हलली नाही. पुढे दोन झाडांच्या मधोमध भल्यामोठ्या कोळ्याचं जाळं होतं, उन्हात धागे पिवळे चमकत होते, आणि भाच्याची उंची एवढी कमी की तो त्याखालून सरळ निघून गेला. एकटे गेलो असतो तर यातलं निम्मंही दिसलं नसतं.

2024 च्या पावसाळ्यानंतर इथे उतारांवर झुडपासारखी वाढणारी कारवी फुलली होती. आठ वर्षांतून एकदा फुलते. त्याआधीची 2016 ची. जांभळ्या उतारावर मधमाश्यांचा आवाज लांबूनच यायचा. पुढची 2032 ला. मुलगी तेव्हा आठवी-नववीत असेल, आणि तिनं ते साल आत्ताच वहीत लिहून ठेवलंय.

बिबट्याचं काय, हे आजी लोक हमखास विचारतात. उद्यानात बिबटे आहेत आणि आतल्या पाड्यांवर वाघोबाला मानतात, ते उगाच नाही. दिवसाउजेडी चाला, सगळे एकत्र राहा, मूल मधे ठेवा, एकट्याला मागं सोडू नका किंवा पुढं पळू देऊ नका. मला बिबट्यापेक्षा माकडांचा त्रास जास्त झालाय. खाऊची पिशवी हातात दिसली की गेलीच. डिसेंबर-जानेवारीत खाजकुयलीवरही लक्ष ठेवा. मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगा मुलांना ओढून घेतात. लागलीच तर चोळायचं नाही. चिकटपट्टीनं कुसं उचलून घ्यायची आणि मग धुवायचं.

परवानगी मिळाली नाही तर दिवस वाया जात नाही. कान्हेरीच्या डांबरी रस्त्यानं जंगलातून जाता येतं, आणि वर शंभराहून जास्त लेणी आहेत. मुलांना मूर्तींपेक्षा कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी दाखवा. पावसाचं पाणी पन्हाळीतून कुठून कुठे नेलंय ते शोधत हिंडायला त्यांना फार आवडतं. मात्र सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात.

तुंगारेश्वरबद्दल मी थोडी हात राखून सांगते. 2003 साली अभयारण्य झालेलं हे जंगल साधारण 85 चौरस किलोमीटरचं. प्रवेशद्वारापासून महादेवाच्या देवळापर्यंत तीनेक किलोमीटरची रुंद वाट आहे. सावली भरपूर. ऑक्टोबरअखेर ओढे शांत झाले की मुलांना पाण्यात पाय सोडून बसायला इतकी छान जागा दुसरी नाही, अगदी शिलोंढ्याहूनही सरस. पण पावसाळ्यात इथे अनेकदा बंदी असते, आणि बंदी नसली तरी मुलांना नेऊ नका. ज्या ओलांडणीच्या जागा नोव्हेंबरात खेळ वाटतात, त्याच जुलैत जीवघेण्या होतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला वाट माणसांनी फुललेली असते. दर्शनाला जायचं तर जरूर जा, पक्षी बघायचे असतील तर दुसरा दिवस निवडा. सातेक वर्षांपुढची मुलं असतील, आणि घरातल्या दोन मोठ्या माणसांचे हात मोकळे असतील, तर नोव्हेंबरातल्या कामाच्या दिवशी हीच जागा पहिली निवडा.

आणि मेणवली. इथे जंगल नाही, हे आधीच सांगते. नदीकाठची मोठी झाडं आहेत, शिवार आहे, ऊस आहे, हळद आहे, आणि मागं पांडवगडाचा डोंगर. पण आई बरोबर असली की आम्ही इथेच येतो. पुण्याहून साधारण नव्वद किलोमीटर. बंगळूर महामार्गावर सुरूर फाट्याला वळलं की वाई. सकाळी सुरुवात ढोल्या गणपतीपासून करायची. 1762 सालचं पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं हे देऊळ घाटावर आहे आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दोन्ही बाजूंना फाटावं म्हणून. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती भिंतीच्या टोकाला हात लावून म्हणाली, "म्हणजे देऊळ पोहतंय." नदी आणि बांधकाम यांचं नातं मला यापेक्षा चांगलं समजावता आलं नसतं.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर, वाट जवळजवळ सपाट. आई अर्ध्या तासानं बसते, पाणी पिते, पुन्हा उठते. नाहीच जमलं तर रिक्षा मिळते, आणि वाईच्या पेठेत खाण्यापिण्याची व स्वच्छतागृहाची सोय आहे. जंगलवाटांवर ही सोय नसते आणि वयस्कर माणसं त्यामुळेच "तुम्ही जा, मी घरी थांबते" म्हणतात. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागं अर्धचंद्राकृती घाट आहे. घाटावरच्या छोट्या देवळात एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, 1707 सालची, बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असलेली. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयातून ती इथवर आली. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या त्याच वसईतून! दोन्ही जागा पाहिलेल्या मुलांना हा धागा सापडतो तेव्हा त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात.

उणिवाही आहेत. वाट रस्त्यानं जाते, सावली तुटक आहे. ऑक्टोबरचं ऊन दहानंतर सोसत नाही, म्हणून साडेसातला चालायला लागा. ऊसतोडणी सुरू झाली की भरलेले ट्रॅक्टर याच रस्त्यानं जातात. मुलांना कडेच्या बाजूला घ्या. नदीच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे, त्यामुळे विसर्ग चालू असेल तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरायचं नाही. गावात विचारलं की लगेच सांगतात.

कर्नाळा का नाही, असं पनवेलकर विचारतील. 1968 पासूनचं ते पक्षी अभयारण्य मलाही प्रिय आहे, आणि पहाटे खालच्या वाटांवर पक्षी उत्तम दिसतात. पण मुलं "नदी कुठंय?" विचारत राहतात, आणि मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जात असल्यानं गाड्यांचा आवाज बराच वेळ पाठ सोडत नाही. पक्ष्यांचं वेड लागलेलं मूल असेल तर मात्र कर्नाळाच.

तर माझं उत्तर असं. पाच वर्षांखालचं मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर मेणवली, आणि जमल्यास पुढे धोमच्या नरसिंह मंदिरापर्यंत गाडीनं. सहा ते दहा वर्षांचं मूल पहिल्यांदाच जंगलात जात असेल तर शिलोंढा, परवानगी काढून. मुलं पाण्याला सरावलेली आणि सांगितलेलं ऐकणारी असतील तर तुंगारेश्वर, दिवाळीनंतर. तिन्हीकडे जाताना पिशवीत एक जास्तीचा सुका कपड्यांचा जोड, गुळपोळी किंवा दशम्यांसारखं न सांडणारं खाणं, आणि प्लास्टिक परत आणायला रिकामी पिशवी. पायात पट्ट्याचे सँडल नकोत, खडे आत शिरतात आणि दर पाच मिनिटांनी थांबावं लागतं. जुने शाळेचे बूट सगळ्यात चांगले. आमचा पुढचा रविवार आईनं ठरवलाय. तिला मेणवलीच्या घाटावर बसून नातवंडांना वाटीभर दहीपोहे भरवायचे आहेत.