मंडळाच्या पोरांसाठी कायद्याचा वर्ग, चार रविवार : आमचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत एक वकील तालीम-मंडळाच्या पोरांसाठी चार रविवारचा वर्ग घेतात. विषय एकच, जमाव, मिरवणूक, मारामारी, डॉल्बी यावर कुठली कलमं लागतात आणि त्या कलमात नेमकं लिहिलंय काय. माणशी ६०० रुपये, दहाजण मिळून गेला तर ५०००. आम्ही मंडळातनं अकराजण गेलतो. मी सेक्रेटरी आहे, परवानगीच्या अर्जावर सही माझी असते म्हणजे काय झालं की पहिलं नाव माझंच, त्यामुळं हे कळणं मला गरजेचंच होतं. पण खरं कारण वेगळं होतं, आमच्या गल्लीतला एक पोरगा.

एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. आर्मी भरतीसाठी रोज पहाटे रंकाळ्यावर धावायला जायचा. फुटबॉलची मॅच सुटल्यावर स्टेडियमच्या बाहेर दोन गट भिडले, हा तिथं उभा होता, हातात पाण्याची बाटली, आणि कुणीतरी काढलेल्या व्हिडिओत दिसला. जुन्या भारतीय दंड संहितेचं १४३ (बेकायदेशीर जमाव), १४७ (दंगा), १४९ (जमावातल्या एकाच्या गुन्ह्याला सगळे जबाबदार) लागलं. त्याची आई मला म्हणाली, त्यानं कुणाला हात पण लावला नाही मग दंगा कसा काय? मी म्हटलं काकी काय होत नाही, सुटंल तो. काही माहीत नसताना म्हटलं. केस अजून चालू आहे, भरतीचं वय निघून चाललंय, आणि माझं ते वाक्य मला अजून बोचतंय.

तर पहिल्या रविवारी सरांनी बरोबर इथनंच सुरुवात केली. म्हणजे आमचं प्रकरण त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारलं, पाच पोरं चौकात वडापाव खायला थांबली तर तो बेकायदेशीर जमाव होतो का? निम्मी पोरं म्हणाली होतो, कारण आमच्या डोक्यात पाच आकडा पक्का बसलाय. सर म्हणाले आकडा अर्धंच काम करतो. पाच किंवा जास्त माणसं पाहिजेत आणि त्यांचा सामाईक उद्देश कायद्यात दिलेल्या पाच उद्देशांपैकी एक पाहिजे. बळ दाखवून सरकारला किंवा सरकारी नोकराला दबकवणं, कायद्याची अंमलबजावणी अडवणं, नुकसान किंवा घुसखोरी किंवा दुसरा कुठला गुन्हा करणं, जबरदस्तीनं कुणाची मालमत्ता किंवा वाट-पाण्याचा हक्क काढून घेणं, नाहीतर कुणाला त्याच्या मनाविरुद्ध काही करायला भाग पाडणं. वडापाव त्यात बसत नाही. पण त्याच पाचजणांत एकजण म्हणाला चला रे, त्यांचा फ्लेक्स फाडूया, आणि बाकीचे हो म्हणून उठले, की फ्लेक्सला हात लागायच्या आधीच जमाव बेकायदेशीर झाला. जमताना सरळ असलेला जमाव नंतर बेकायदेशीर होऊ शकतो हे कायद्यातच लिहिलंय. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत. पोलिसांनी पांगा म्हणून सांगितल्यावर पण त्यात थांबलं तर दोन वर्षांपर्यंत. हे ऐकून आमची पोरं एकदम गप्प झाली, कारण पांगा म्हटल्यावर मोबाईल काढून शूटिंग करत थांबणं ही आमच्याकडची सवयच आहे.

दंगा म्हणजे काय हे दुसऱ्या रविवारी. असल्या जमावातल्या एकानं जरी त्या सामाईक उद्देशासाठी बळ वापरलं, तरी दंग्याचा गुन्हा जमावातल्या प्रत्येकावर. जुनं १४७ आता भारतीय न्याय संहितेत १९१ झालंय, दोन वर्षांपर्यंत. हत्यार असेल तर पूर्वी तीन वर्षं होती ती आता पाच. आणि जुनं १४९, जे आता १९०, ते सगळ्यात अवघड, कारण त्यात तुम्ही काय केलं हे नंतर विचारलं जातं, आधी विचारतात तुम्ही त्या जमावाचे होता का. इथं मी हात वर करून गल्लीतल्या पोराचं सांगितलं, नाव न घेता. सरांनी पंधरा-वीस मिनिटं त्यावरच घालवली आणि माझ्या मते सगळ्या वर्गाचे पैसे तिथंच वसूल झाले. सुप्रीम कोर्टानं १९६४ च्या मसलती खटल्यात सांगितलंय की प्रत्येकानं हात उचललाच पाहिजे असं नाही, पण नुसता बघ्या म्हणून थांबलेला आणि जमावाचा उद्देश मनात घेऊन थांबलेला यांत फरक करावाच लागतो. म्हणजे बाटली घेऊन उभा असणं गुन्हा नाही, सामाईक उद्देश होता हे सरकारी पक्षानं सिद्ध करायचं असतं. आणि घटना १ जुलै २०२४ च्या आधीची म्हणून त्याची केस जुन्या कलमांनीच चालणार, नवीन कायदा आला म्हणून काही बदलत नाही, हे पण तिथंच कळलं.

मारामारीचं कलम वेगळं आहे हे मला माहीतच नव्हतं. जुनं १६०, आता १९४. इथं पाच लागत नाहीत, दोघं पुरतात, पण जागा सार्वजनिक पाहिजे आणि भांडणानं सार्वजनिक शांतता बिघडली पाहिजे. घरात दोन भाऊ भिडले तर हे कलम नाही, मग दुखापतीचं वगैरे बघतात. शिक्षा एक महिन्यापर्यंत किंवा दंड, पूर्वी शंभर रुपये होता आता हजार. दारू पिऊन चौकात धिंगाणा घातला तर चोवीस तासांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड, आणि नवीन कायद्यात कोर्ट समाजसेवा पण करायला लावू शकतं.

त्याच दिवशी फळ्यावर एकात एक तीन गोल काढले होते. सगळ्यात मोठा कायदा आणि सुव्यवस्था, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, अगदी आत राज्याची सुरक्षा. समाजवादी नेते राममनोहर लोहियांना अटकेत ठेवलेलं, ज्या नियमाखाली ठेवलं त्यात शब्द होता सार्वजनिक सुव्यवस्था आणि आदेशात लिहिलेलं कायदा आणि सुव्यवस्था, तर सुप्रीम कोर्टानं १९६५ मध्ये सांगितलं की या दोन गोष्टी एक नाहीत, आणि लोहिया सुटले. हे तीन गोल त्याच निकालातले. दोन माणसांचं भांडण पहिल्या गोलात राहतं, अख्खी पेठ घाबरून दारं लावून बसली की ते दुसऱ्यात जातं. मी घरी येऊन बायकोला पण काढून दाखवलं.

तिसरा रविवार बंदी आदेश आणि आवाज. पेपरात जिल्ह्यात बंदी आदेश लागू म्हणून येतं ते बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ असतं, राज्य सरकारची मंजुरी नसेल तर पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून दर पंधरवड्याला नवीन निघतो. आम्ही सगळ्यालाच १४४ म्हणायचो. १४४ वेगळं, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय आणि त्याची मुदत दोन महिन्यांपर्यंत. सरांनी एकच सांगितलं, आदेश अख्खा वाचा, सूट कशाला दिलीय ते शेवटी लिहिलेलं असतं. आवाजाचं असं की रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५, दवाखाना-शाळा-कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मिरजकर तिकटीपासनं गंगावेशपर्यंत मिरवणुकीत सिस्टीमच्या पुढं जो उभा राहिलाय त्याला ५५ म्हणजे किती कमी हे सांगायला नको. आमच्या मंडळानं यंदा डॉल्बी नको, ढोल-लेझीम घ्यायचं ठरवलंय, भांडणं झाली त्यावर पण ठरलं.

हा रविवार मात्र कमी पडला. सर कोर्टाच्या कामात अडकले, जुलैच्या तारखा, सर्किट बेंच झाल्यापासनं कोल्हापुरातल्या वकिलांना वेळच नाही. ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्ट दारात आलंय, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, आनंदच आहे. पण त्या दिवशी ज्युनिअरनं नुसतं पुस्तक वाचून दाखवलं, पाऊण तास उशिरा सुरू करून. झेरॉक्सवर दोन पानं अजून जुन्याच नंबरची आहेत, अक्षर बारीक. नवीन-जुन्या कलमांचा एक तक्ता मराठीत दिला तर लय उपयोग होईल, आम्ही शेवटी आमचाच वहीत केला. आणि मंडळात पोरी पण असतात, लेझीम पथक त्यांचंच आहे, गर्दीत कुणी छेड काढली तर काय करायचं यावर एक शब्द नाही. हे मी सरांना तोंडावर सांगितलंय.

शेवटचा रविवार मोबाईल आणि अटक. धर्म-जातीवरनं दोन गटांत वैर वाढवणारं स्टेटस ठेवलं तर कलम १९६, तीन वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यम हा शब्द आता कलमातच आहे. जून २०२३ मध्ये स्टेटसवरनं आपल्या शहरात काय झालं, नेट बंद, दुकानं बंद, ते सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळं इथं कुणाला उदाहरण द्यावं लागलं नाही. ग्रुप ॲडमिनबद्दल भीती होती, तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी, दोघांचा हेतू एक नसेल तर, नुसता ॲडमिन म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही. सणाच्या आधी येणारी १४९ ची नोटीस (हे १४९ जमावाचं नव्हे, फौजदारी प्रक्रिया संहितेतलं), आता १६८, ती केस नसते, ताकीद असते, घाबरून घर सोडून जायचं नाही. हे आधी कळलं असतं तर आमची दोन पोरं गेल्या वर्षी विसर्जन सोडून मामाच्या गावी गेली नसती.

पाचपैकी चार देतो. एक तिसऱ्या रविवारचा कापला. केसमधनं सुटायची युक्ती मिळेल म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, ते तिथं शिकवत नाहीत आणि विचारलं तर सर चिडतात.

वर्ग संपल्यावर मी गल्लीतल्या पोराला आणि त्याच्या आईला घेऊन परत गेलो. सरांनी चार्जशीट अर्धा तास वाचलं, फी घेतली नाही. खोटी आशा दिली नाही, पण व्हिडिओ कितव्या सेकंदाला काय दाखवतो ते कागदावर लिहून दिलं आणि त्याच्या वकिलाला द्या म्हणाले. काकींनी तो कागद देवघरात ठेवलाय. पुढची बॅच गणपतीच्या आधी आहे, वीसच जागा, येताना मंडळाचा मागच्या वर्षीचा परवानगीचा कागद घेऊन या, त्यातल्या अटी सर एकेक करून वाचून घेतात.