अकरा महिने वापरलेली करवत आणि सुरमईवरची काळी रेघ

सर्व्हिस सेंटरमधून मशीन तिसऱ्यांदा जशीच्या तशी परत आली, तेव्हाच हे लिहायचं ठरवलं होतं.

मशीन म्हणजे रेसिप्रोकेटिंग सॉ, प्लंबर पाइप कापायला वापरतो ती, पातं पुढे-मागे चालणारी. वायरवाली, ट्रिगर जितका दाबाल तितका वेग. आमच्या नेरूळच्या घरात तिने आजवर लाकूड कापलेलं नाही. ती फ्रीजरमधल्या मासळी-मटणासाठीच घेतली.

आमचं घर आठ माणसांचं आणि मासळीशिवाय जेवण कुणाच्या घशाखाली उतरत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे मे संपायच्या आत जवळच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारातून भरून ठेवायचं. शिवाय दीर रत्नागिरीहून थर्माकोलच्या पेटीत अख्खी सुरमई आणतात. ती आम्ही अख्खीच गोठवतो. तुकड्या करून ठेवल्या की प्रत्येक कापलेली बाजू फ्रीजरमध्ये सुकते, पांढरी पडते आणि तळल्यावर कापसासारखी लागते. अख्खा मासा वरून पाण्याचा पातळ थर देऊन ठेवला तर दोन महिन्यांनीही चवीला चांगला. अडचण एकच: चार किलोची सुरमई उणे 18 अंशांवर दगड होते. सहा तुकड्यांसाठी अख्खी वितळवायची आणि उरलेली परत गोठवायची, हे मला मान्य नाही. घरच्या फ्रीजरमध्ये गोठायला वेळ लागतो, बर्फाचे खडे मोठे होतात, मांस फाटतं आणि वितळताना सगळा रस वाहून जातो. दोनदा केलं तर मासा पार फसफशीत.

आधी सासूबाई कोयता आणि हातोडा घेऊन बसायच्या. सुरमई निभायची, पण बकऱ्याचं गोठलेलं रान, म्हणजे अख्खी मांडी, कोयत्याने फुटतं, कापलं जात नाही. एकदा धाकट्याच्या रश्श्यात नखाएवढी हाडाची कपची निघाली. त्याच आठवड्यात मशीन घेतली.

पहिला महिना मी तिच्यावर खूश होते. नळीचं हाड असं कापलं जातं की आतली मज्जा गोल दिसते, कपची नाही, चुरा नाही. रानाचे आठ तुकडे पाच-सात मिनिटांत, आणि उरलेलं वितळायच्या आत परत फ्रीजरमध्ये.

पात्याबद्दल मात्र ऐका. सोबत आलेलं रंगवलेलं पातं वापरू नका, पहिल्याच कापात त्याचा रंग मांसाला लागला. धातू कापायच्या बारीक दातांच्या पात्यात मांसाचा भुसा अडकतो, त्याचा लगदा होतो आणि पातं नुसतं घासत राहतं. इंचाला पाच-सहा दात असलेलं, बिनरंगाचं स्टेनलेस स्टीलचं पातं घ्या. मांस-हाडासाठी म्हणून वेगळं मिळतं. नवीन पात्याला तेल असतं, ते गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवून मगच लावा.

आता काळी रेघ. जुलैत सुरमईची तुकडी ताटात ठेवली आणि पांढऱ्या मांसावर पेन्सिलने ओढावी तशी रेघ दिसली. बोट लावलं तर चिकट, वास यंत्राचा. ग्रीस! पातं जिथे बसतं तो दांडा मिनिटाला दोन-अडीच हजार वेळा आत-बाहेर करतो आणि प्रत्येक वेळी गिअरबॉक्समधलं थोडं वंगण बाहेर आणतो. तिथून ते पात्यावरून उतरतं. ती सगळी सुरमई टाकून दिली. सासूबाई दिवसभर बोलल्या नाहीत.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, ही लाकडाची मशीन आहे, थोडं ग्रीस येणारच." दांड्याभोवतीचं, ग्रीस अडवणारं सील बदललं आणि वॉरंटीत असूनही त्याचे पैसे घेतले. महिन्याने परत तेच. तिसऱ्यांदा तर उघडलीही नाही, पावतीवर "चेक्ड ओके" लिहून दिलं. माझं म्हणणं एवढंच होतं की दांड्याशी ग्रीस उतरतं हे डब्यावर लिहा.

पण माझं मतही नंतर थोडं बदललं. तुर्भ्याला खाद्यपदार्थांच्या कारखान्यात असलेल्या भाच्याने सांगितलं, "मामी, सील नवीन असलं तरी दांडा ओला राहणारच, दोष वंगणाच्या जातीचा आहे." खाद्ययंत्रांना एच1 दर्जाचं वंगण घालतात, अन्नाला चुकून लागलं तरी चालेल असं. वॉरंटी संपल्यावर त्याने मशीन उघडून जुनं ग्रीस पुसून काढलं आणि तसलं भरलं. तरीही अन्नात वंगण नकोच, म्हणून सुताराकडून दुसरी सोय केली. जुना जाड पांढरा चॉपिंग बोर्ड टेबलाच्या कडेला उभा बसवला आणि त्यात पात्यापेक्षा चांगली रुंद खाच पाडली. मशीनचा पुढचा पाय, म्हणजे पात्याभोवतीची टेकायची पट्टी, बोर्डाला टेकतो, मांस पलीकडे क्लॅम्पमध्ये. पातं मुद्दाम लांब, 12 इंची, म्हणजे दांड्याजवळचा भाग मांसापर्यंत पोचतच नाही. मशीन आडवी धरायची, नाक खाली केलं की ग्रीस पात्यावरून ओघळतं. नोव्हेंबरपासून एकदाही रेघ नाही. दर वेळी पहिली तुकडी मी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघते.

मांस पूर्ण कडकच हवं. अर्धवट वितळलं की ते पात्याबरोबर फडफडतं, तिथे सुरीच बरी. वेग कमी ठेवा, नाहीतर भुसा भिंतीपर्यंत उडतो. डोळ्यांवर चष्मा हवा आणि डावा हात मांसावर कधीच नको, धरायचं काम क्लॅम्पचं. हात आणि टेबल ओले असतात, म्हणून प्लग ईएलसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच लावा. शेजारच्यांनी अँगल ग्राइंडर सुचवला होता. नको. त्याची चकती झिजते ती मांसातच, आणि अडकली तर मशीन अंगावर उसळते.

साफसफाईला कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पातं काढून धुणं सोपं आहे, पण पातं अडकवायच्या खाचेत गुलाबी भुसा बसतो. एकदा राहिला तर दुसऱ्या दिवशी कपाट उघडताच वास आला. आता प्लग काढून जुन्या टूथब्रशने घासते, मग कोरड्या फडक्याने पुसते.

31 मे जवळ आलाय. मुंबईतल्या नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून चार पाती मागवली आहेत, आणि दिरांना सांगितलंय की यंदा सुरमई तीन किलोच्या आतलीच आणा, क्लॅम्पमध्ये तेवढीच नीट बसते.