एम33चे लाल मेघ की एम31जवळची निळी कमान?

पावसाळा सरला की त्रिकोण तारकासमूहातली एम33 आणि देवयानीतली एम31 या दोन दीर्घिका पुण्याहून बऱ्याच वर दिसतात. याम्योत्तर ओलांडताना, म्हणजे सर्वांत उंचावर असताना, पहिली सुमारे 78 अंशांवर असते, दुसरी 67 वर. नॅरोबँडसाठी (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या फिल्टरने फोटो काढण्यासाठी) मोजक्याच रात्री मिळणार असतील, तर आधी एम33 घ्या.

एम33 सुमारे 27 लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्यातला एनजीसी 604 हा मेघ जवळपास 1500 प्रकाशवर्षं पसरलेला. नवजात तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे तिथला हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरला झळकतो; या लाल प्रकाशाला एच-अल्फा म्हणतात. 3.76 मायक्रॉनचे पिक्सेल आणि 400 मिमी फोकल लेन्थ असेल, तर तो फोटोत साठेक पिक्सेल रुंद येतो. आतल्या पोकळ्या हव्या असतील तर 1000 मिमी तरी हवेत. एच-अल्फाची 300 सेकंदांची एक्स्पोजर, एकूण सहा-आठ तास पुरतात, आणि चंद्रप्रकाशही बराच खपून जातो. रंगीत कॅमेऱ्यात एच-अल्फा फक्त लाल पिक्सेलवर, म्हणजे चारात एकावर नोंदवलं जातं. त्यामुळे वेळ वाढवा.

मेहनत आहे ती प्रोसेसिंगमध्ये. ताऱ्यांचा प्रकाशही एच-अल्फा फिल्टरमधून येतोच आणि मेघ त्यात दबतात. म्हणून लाल फिल्टरची फ्रेम ताऱ्यांच्या तेजाला जुळेल अशा गुणकाने गुणून एच-अल्फाच्या फ्रेममधून वजा करायची. गुणक जास्त झाला की ताऱ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात. एनजीसी 604 ओ-थ्रीमध्येही, म्हणजे आयनित ऑक्सिजनच्या निळसर-हिरव्या प्रकाशातही, तेजस्वी आहे, एखादी रात्र त्यालाही द्या.

एम31च्या आग्नेयेची ओ-थ्री कमान हौशी छायाचित्रकारांनीच शोधली आणि 2023 मध्ये जाहीर झाली. लांबी सुमारे दीड अंश. ती एम31ची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर मतभेद आहेत. इथे मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, 3 नॅनोमीटरचा फिल्टर, अमावस्येच्या आसपासचं काळोखं आकाश आणि वीसेक तास हवेतच. ओ-थ्रीच्या 500.7 नॅनोमीटरला चांदण्याचा त्रास जास्त होतो.

कमान पुसली जाते ती बहुतेकदा आपल्याच हातून. ऑटोमॅटिक ग्रेडियंट रिमूव्हल (पार्श्वभूमीचा असमान उजेड काढणारं सॉफ्टवेअर) तिला प्रकाशप्रदूषण समजून काढून टाकतं, म्हणून पार्श्वभूमी मोजण्याचे नमुना-बिंदू हाताने ठेवा आणि तो पट्टा मोकळा सोडा. सदोष फ्लॅटमुळे (प्रकाशाचा असमानपणा सुधारण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेममुळे) खोटी कमानही उमटते. कॅमेरा 90 अंशांनी फिरवून पुन्हा एक्स्पोजर घ्या: खरी असेल तर ती ताऱ्यांबरोबर फिरेल, दोष असेल तर सेन्सरवर जागच्या जागी राहील.