सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांसाठी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी: कुठे उपयोगी, कुठे अपुरी

इंग्रजी-मराठी कोशात 'हिस्टॉरिक' पाहा, अर्थ 'ऐतिहासिक'. 'हिस्टॉरिकल' पाहा, पुन्हा 'ऐतिहासिक'. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' या दोघांपुढे 'परिणाम' येणारच. जिथे मराठीत दोघांत मिळून एकच शब्द आहे, तिथे फरक विचारायला द्विभाषिक कोशाकडे जाऊन भागत नाही. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच, पण सोपा करून सांगणारा कोश हवा. ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी हेच काम करते. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला हा कोश 1942 साली तोक्योत निघाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने छापला. म्हणजे ज्यांची मायबोली इंग्रजी नाही, अशांसाठीच तो पहिल्यापासून लिहिलेला आहे. इथे विचार केलाय तो 2020 च्या दहाव्या आवृत्तीचा आणि त्याच कोशाच्या फुकट वेबसाइटचा.

आपल्या कामाची जागा म्हणजे 'विच वर्ड' नावाची चौकट. वेबसाइटवर ती मिटलेली असते, नावावर क्लिक केल्याशिवाय उघडत नाही, त्यामुळे निम्मे लोक ती न बघताच पुढे जातात. 'अफेक्ट'ची चौकट उघडून पाहा. 'अफेक्ट' क्रियापद, परिणाम करणे. 'इफेक्ट' बहुतेक वेळा नाम, झालेला परिणाम. इथवर कुठलंही गाइड सांगतं. खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे: 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा होतो. 'टु इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. तिथे 'क्रियापद आहे ना, मग ए' हा पाठ केलेला नियम लावून कुणी 'अफेक्ट' केलं, तर बदल घडायच्या ऐवजी असलेल्या बदलावरच परिणाम होतो. सरकारी आणि कंपनीच्या पत्रांत ही चूक बरोबर समजून केली जाते.

'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात महत्त्वाचं ठरलेलं. 26 जानेवारी 1950 हा दिवस 'हिस्टॉरिक'. 'हिस्टॉरिकल' म्हणजे नुसतं भूतकाळाशी संबंध असलेलं. आपली ऐतिहासिक कादंबरी 'हिस्टॉरिकल', मग ती कितीही सुमार असो. 'इकॉनॉमिक' अर्थव्यवस्थेचं, तर 'इकॉनॉमिकल' काटकसरीचं, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीसारखं.

उच्चार एकच आणि स्पेलिंग दोन, अशा जोड्यांत देवनागरी आपली आणखी पंचाईत करते. 'स्टेशनरी' देवनागरीत एकाच पद्धतीने लिहिता येतो. इंग्रजीत मात्र शेवट 'ए-आर-वाय' असेल तर जागचं न हलणारं, 'ई-आर-वाय' असेल तर वह्या-पेनं. दुकानांच्या पाट्यांवर न हलणारं दुकान बऱ्याचदा दिसतं. इथे घोकंपट्टीपेक्षा शब्दाचं मूळ जास्त उपयोगी. 'स्टेशनर' म्हणजे मुळात एका जागी दुकान मांडून बसणारा, फेरीवाला नव्हे. पुढे तो पुस्तकविक्या झाला. 'बेकर'ची 'बेकरी', तशी 'स्टेशनर'ची 'स्टेशनरी', म्हणून 'ई-आर'. 'प्रिन्सिपल'चंही असंच: शेवटी 'पी-ए-एल' असेल तर कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जाचं मुद्दल, 'पी-एल-ई' असेल तर तत्त्व. 'लायसन्स'मध्ये नाम 'सी'ने, क्रियापद 'एस'ने. आपल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर 'सी' असतो तो म्हणूनच. अमेरिकेत दोन्हीकडे 'एस'. 'प्रॅक्टिस'ला मात्र अमेरिकन लोक दोन्हीकडे 'सी' लावतात, तेव्हा एकावरून दुसरा ताडायला जाऊ नये.

आता तक्रार. हा कोश जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी आहे, मराठी कानासाठी नाही. आपण 'नट लूज झाला', 'लूज मोशन' म्हणतो, शेवटी 'ज'. इंग्रजीत सैल या अर्थाच्या शब्दाचा उच्चार 'लूस' आहे आणि त्यात दोन 'ओ'. 'लूझ' हा हरवणे, हरणे या अर्थाचा, एका 'ओ'चा वेगळा शब्द. आपण सैलाला हरण्याचा उच्चार दिलाय, मग स्पेलिंग डळमळणारच. याचं निदान कुठल्याच चौकटीत मिळणार नाही. दोन्ही नोंदी उघडून शेजारचं स्पीकरचं चिन्ह आळीपाळीने दाबायचं, शेवटचा 'स' आणि 'झ' कानाला वेगळे लागेपर्यंत. तेच 'एलिजिबल' आणि 'इलेजिबल'चं. पहिला पात्र, दुसरा वाचता न येणारा. अर्जात पहिल्याच्या जागी दुसरा पडला, तर उमेदवार अवाचनीय ठरतो.

छापील प्रत घ्यावी का? एरवी हो, या कामासाठी नको. 'अफेक्ट' ए मध्ये, 'इफेक्ट' ई मध्ये. चौकट एका ठिकाणी आणि दुसरीकडे नुसता 'तिकडे पाहा' असा बाण. वेबसाइटवर दोन टॅब शेजारी उघडता येतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र कोशाच्या हातातली नाही. शंका आली तर माणूस कोश उघडणार, आणि इथे शंकाच येत नाही. स्पेलचेकही लाल रेघ ओढत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं बरोबरच असतात. त्यावर उपाय असा: आपल्याला नडणाऱ्या दहा-पंधरा जोड्या एका कागदावर लिहून ठेवायच्या आणि मजकूर पाठवण्याआधी एकेक शब्द कंट्रोल-एफने शोधून, सापडेल तिथे वाक्य वाचायचं. वर्डमध्ये 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली'वर खूण करायला विसरू नये. नाहीतर 'लूझ' शोधताना प्रत्येक 'क्लोज'पाशी थांबावं लागतं, कारण 'क्लोज'च्या स्पेलिंगात 'लूझ'चं अख्खं स्पेलिंग आहे.

यादीत 'वेस्ट' तर हवाच. अंधेरी वेस्ट, कचऱ्यातला वेस्ट आणि शिंप्याने मापात घेतलेली कंबर, तिघांनाही देवनागरीत आपण एकच लिहितो.