डाळिंब की बीट? एमएस्सीच्या प्रकल्पासाठी रंग आणि इलेक्ट्रोड निवडताना

वनस्पतींच्या रंगावर चालणारा सौरघट सोलापुरात करायचा म्हटलं की डाळिंब आधी आठवणं साहजिक आहे. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, बाजार समितीत भगवा जातीच्या डाळिंबांचे ढीग लागतात. तरी निवड नुसत्या लालीवरून करू नका. रंगाचा रेणू इलेक्ट्रोडला, म्हणजे ऑक्साइडचा थर दिलेल्या काचेच्या पट्टीला, पकडून राहिला नाही, तर प्रकाश शोषूनही वीज मिळत नाही.

डाळिंबाच्या दाण्यांत अँथोसायनिन नावाची लाल-जांभळी रंगद्रव्यं असतात. त्यांतले सायनिडिन आणि डेल्फिनिडिन शेजारीशेजारी असलेल्या हायड्रॉक्सिल गटांमुळे पट्टीवरच्या टायटॅनियम डायऑक्साइडला घट्ट बसतात. पट्टीवरचा रंग लालाकडून जांभळ्याकडे सरकला, की पकड बसली असं समजा. पेलार्गोनिडिन या तिसऱ्या अँथोसायनिनला अशी शेजारची जोडी नसते, त्यामुळे रसातली सगळी लाली कामाला येत नाही. साखरही आडवी येते. रस थेट न वापरता अर्क इथेनॉलमध्ये काढा आणि सायट्रिक आम्लाने आम्लधर्मी ठेवा. अल्कलीत हा रंग बिघडतो. साल फुकट मिळते, पण तिच्यातली टॅनिन पृष्ठभागावरची जागा अडवतात आणि दृश्य प्रकाश फारसा शोषत नाहीत. मी दाणेच घेईन.

बीटमधल्या बीटानिन या रंगद्रव्याला कार्बॉक्सिल गट असतात आणि ते ऑक्साइडला चांगले धरतात. शोषण साधारण 535 नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशात. पाण्यातही अर्क निघतो आणि सामू 3 ते 7 असला तरी रंग टिकतो. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. अर्क उकळू नका, फ्रीजमध्ये ठेवा. पालक सोडून द्या, क्लोरोफिलला पकडीसाठी सोयीचा गटच नाही.

खरा निर्णय इलेक्ट्रोडपाशी होतो. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर साधारण 450 अंशांवर भाजावा लागतो, म्हणून मफल भट्टी (उच्च तापमानाची बंद भट्टी) आणि एफटीओ काच (फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइडचा वीजवाहक थर असलेली) लागते. त्या तापमानाला आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडच्या) काचेचा रोध वाढतो. झिंक ऑक्साइडचा थर रासायनिक स्नानाने, म्हणजे काच द्रावणात बुडवून, 100 अंशांच्या आतही बसवता येतो, पण तो आम्लात विरघळतो. डाळिंबाच्या आम्लधर्मी अर्कात ही पट्टी ठेवली तर थरच खाल्ला जाईल. म्हणून भट्टी हाताशी असेल तर डाळिंब आणि टायटॅनियम डायऑक्साइड, नसेल तर बीट आणि झिंक ऑक्साइड. ही पट्टीही अर्कात रात्रभर ठेवू नका.

कार्यक्षमतेची अपेक्षा बेताची ठेवा, नैसर्गिक रंगांचे घट बहुधा 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहतात. 1991 मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या संशोधकांनी अशाच घटात 7 टक्क्यांवर मजल मारली ती रुथेनियम या धातूच्या संयुगावर.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी रंग न लावलेली एक पट्टी सोबत मोजाच. अतिनील किरणांत कोरा ऑक्साइडही वीज देतो. एप्रिल-मेच्या उन्हात घटात विद्युतभार वाहून नेणारं, ॲसिटोनायट्राइल या द्रावकातलं आयोडाइडचं द्रावण भराभर उडतं, तेव्हा कडा नीट बंद करा आणि मोजणी दिव्याखाली घ्या.