काइट कनेक्टचा लाइव्ह भाव: गल्ल्यामागे झकास, दुकानाच्या फळ्यावर नको

जळगावच्या सराफ बाजारातली पेढी असो की शिरपूरकडची जिनिंग, एमसीएक्सचा (वायदे बाजाराचा) भाव आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये हलता दिसावा यासाठी झेरोधा या ब्रोकरचं काइट कनेक्ट, म्हणजे प्रोग्रामला भाव पुरवणारी एपीआय सेवा, हा स्वस्त मार्ग आहे. महिन्याला ५०० रुपये. फुकटची पर्सनल आवृत्तीही मिळते, पण तिच्यात लाइव्ह भाव येत नाहीत, तिथे फसू नका.

जोडणी वेबसॉकेटची, म्हणजे भाव आपोआप येत राहतील अशी सतत उघडी. एपीआय की (आपल्या प्रोग्रामची ओळख) आणि अ‍ॅक्सेस टोकन (लॉगिननंतर मिळणारा परवाना) दिलं की एका कनेक्शनवर ३,००० इन्स्ट्रुमेंट टोकन, म्हणजे करारांचे क्रमांक, लावता येतात. पेढीला दोन पुरतात. खरी कटकट लॉगिनची. लॉगिनचं ते अ‍ॅक्सेस टोकन रोज सकाळी ६ वाजता बाद होतं आणि ओटीपी टाकून नवं घ्यावं लागतं. एकदा लावलं आणि विसरलं, असं इथे चालत नाही. ९ वाजता एमसीएक्स उघडायच्या आत हे काम कोण करणार, ते आधी ठरवा.

डेटा बायनरीत येतो, म्हणजे अक्षरांत नाही, कच्च्या बाइटांत; एका कराराचा भाव म्हणजे एक पॅकेट. पहिले २ बाइट म्हणजे पॅकेट किती, पुढचे २ म्हणजे पहिल्या पॅकेटची लांबी, मग ४ बाइट इन्स्ट्रुमेंट टोकन आणि ४ बाइट भाव. भाव पैशांत असतो: ९८७६५०० आलं की ९८,७६५ रुपये. आकडे बिग-एंडियन असतात, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. पायथनच्या स्ट्रक्टमध्ये (बाइट उलगडणाऱ्या मॉड्यूलमध्ये) '>' विसरलात तर सोन्याचा भाव भलताच दिसेल. मधूनमधून एकच बाइट येतो, तो हार्टबीट, म्हणजे जोडणी जिवंत असल्याची खूण. त्याला पॅकेट समजून फोडायला गेलं की प्रोग्राम आडवा. त्यांची तयार लायब्ररी वापरली तर हे सगळं टळतं, आणि इंटरनेट जाऊन आलं की पुन्हा जोडणंही तीच करते. हाताने लिहिलं असेल तर पुन्हा जोडणीनंतर इन्स्ट्रुमेंट टोकन परत सबस्क्राइब करायला (भाव मागवायला) विसरू नका.

सगळ्यात घातक म्हणजे गोठलेला भाव. गोल्ड मिनीचा (एमसीएक्सच्या छोट्या सोने वायद्याचा) करार महिन्याच्या ५ तारखेच्या सुमारास संपतो. त्या कराराचं जुनं टोकन तसंच राहिलं तर कनेक्शन हिरवं, हार्टबीट चालू, आणि स्क्रीनवर शिळा आकडा. नवं टोकन रोजच्या इन्स्ट्रुमेंट यादीतून उचला, करार संपायच्या आठवडाभर आधीच. भावासोबत किती तपशील यावा हे ठरवणारा मोड 'फुल' ठेवा. १८४ बाइटच्या त्या पॅकेटात शेवटच्या व्यवहाराची वेळ असते. आपल्या घड्याळाची वेळ लावू नका, कारण सबस्क्राइब करताच बंद बाजाराचाही जुना भाव एकदा येऊन पडतो. सोन्याचा व्यवहार दोन मिनिटांपेक्षा जुना झाला की आकडा लाल करा. रुईला हा नियम नको. खंडीच्या, म्हणजे ३५५.५६ किलोच्या त्या करारात व्यवहारच विरळ.

येणारा सोन्याचा भाव १० ग्रॅमचा, ९९५ शुद्धतेचा, जीएसटी न धरलेला. वर ३ टक्के आणि बाजारातला फरक आपण लावायचा; तो फरक कोडात कोंबू नका, मुनीमजींना बदलता येईल अशा रकान्यात ठेवा.

आणि फळ्याचं: हा डेटा स्वतःच्या वापरापुरता आहे, गिऱ्हाइकांना टीव्हीवर किंवा वेबसाइटवर दाखवायची परवानगी यात मिळत नाही. त्यासाठी एक्स्चेंजची मान्यता असलेला डेटा व्हेंडर गाठावा लागतो, आणि तिथे ५०० रुपयांत भागत नाही.