‘इन वेस्पा’ म्हणायला शिकवणारं पोंतेदेराचं संग्रहालय

आठ महिने इटालियन शिकत होते, पण वाहनांचे शब्द काही केल्या डोक्यात राहत नव्हते. फ्रेनो म्हणजे ब्रेक, फ्रिझिओने म्हणजे क्लच, मानुब्रिओ म्हणजे हँडल. वहीचं पान भरलं, समोर वस्तू मात्र नाही. म्हणून पिसाहून ट्रेन पकडली आणि पोंतेदेराला उतरले. वेस्पा स्कूटर बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीचं संग्रहालय स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, कारखान्याच्याच एका जुन्या इमारतीत. २००० साली ते सुरू झालं.

सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ‘पापेरीनो’पाशी. डोनाल्ड डकचं हे इटालियन नाव वेस्पाच्या आधीच्या नमुन्याला पडलं. गाडीच्या मधोमध जाड उंचवटा, त्यावरून तंगडी टाकून बसायचं. कंपनीचे प्रमुख एन्रिको पियाज्जो यांना ते पटलं नाही आणि काम गेलं कोर्रादीनो दास्कानिओंकडे. ते विमानांचे इंजिनिअर, मोटरसायकली त्यांना मुळीच आवडत नसत. त्यांनी मधली जागा मोकळी केली, चेन काढून टाकली, इंजिन मागच्या चाकाशी नेलं, गिअर हँडलवर आणला. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं, त्यामुळे पंक्चर झालं की बदलायला सोपं. १९४६ ची ९८ सीसीची वेस्पा बघताना मी वाकून एकेक भाग इटालियनमध्ये पुटपुटत होते. रुओता म्हणजे चाक, सेल्ला म्हणजे सीट, मार्चा म्हणजे गिअर. त्या दिवसापासून हे शब्द विसरलेले नाहीत.

नावांचीही मजा आहे. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. १९४८ ची तीनचाकी मालवाहू ‘आपे’ म्हणजे मधमाशी. साल्वादोर दालींनी १९६२ मध्ये रंगवलेली वेस्पाही इथे आहे. लोक तिच्याभोवती जमतात, पण मला पापेरीनोच जास्त शिकवून गेला.

एक गोष्ट मात्र पुस्तकातून कधीच पक्की झाली नसती. इटालियनमध्ये घोड्यावरून जाणं ‘आ काव्हाल्लो’, पायी जाणं ‘आ पिएदी’. वेस्पावर आपण घोड्यासारखेच वर बसतो, तरी म्हणायचं ‘इन वेस्पा’, मोटारीला, आगगाडीला लावतात तसाच ‘इन’ लावून. मी नेहमी इथेच अडखळायचे.

निघताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कशा आलात?

‘इन त्रेनो,’ मी म्हटलं, ‘ए पोई आ पिएदी.’ मध्ये कुठेही न थांबता.